आयर्लंडमधील बरेन : हा उजाडपणा निसर्गाचा की माणसाचा?

दगडफूल

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीच्या उत्तर टोकाला बरेन नावाचा मुलूख आहे. गॉलवेच्या उपसागराकाठी वसलेल्या बॅलीव्हॉन गावातून दक्षिणेकडे निघाले की दोन्ही अंगांना राखाडी चुनखडकाच्या, पायऱ्या कोरल्यासारख्या दिसणाऱ्या टेकड्या सुरू होतात. ज्या देशाची हिरवळ जगभर वाखाणली जाते, त्याच देशात मैलोन्‌मैल नुसता उघडा कातळ पाहायला मिळतो. आयर्लंडवर स्वारी करणाऱ्या इंग्लिश सेनानी क्रॉमवेलच्या सैन्यातील अधिकारी एडमंड लडलो १६५१ मध्ये येथून गेला, तेव्हा त्याने लिहून ठेवले की या मुलखात माणसाला बुडवायला पुरेसे पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही.

असे असूनही या कातळावर हजारो वर्षांच्या वस्तीच्या खुणा आहेत. पाषाणयुगीन थडगी, गोलाकार दगडी गढ्या, मध्ययुगीन मठ आणि कोसच्या कोस धावणारे गडगे तेथे जागोजागी दिसतात. जेथे पेरायला माती नाही, तेथे माणसाने इतका काळ मुक्काम का केला असेल? माझा मूळ प्रश्न हा आहे की बरेन पहिल्यापासूनच असा उघडा होता, की माणसाने तो तसा केला? ज्यांचा भूगर्भशास्त्राचा, इतिहासाचा किंवा त्या भागाचा अभ्यास आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती करते.

शिलाशोध

माझ्या मते याचे मुख्य श्रेय निसर्गाकडेच जाते. बरेनचा चुनखडक सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी तयार झाला. त्या काळी हा भूभाग विषुववृत्ताच्या जवळ होता, त्यामुळे प्रवाळ आणि शंखशिंपल्यांचे जीवाश्म आजही खडकात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. नंतर त्यावर चिकणमातीचे आणि वाळूचे थर साचले. नैर्ऋत्येकडील मोहरचे प्रसिद्ध समुद्रकडे याच वरच्या थरांचे आहेत. बरेनमधील सर्वांत उंच टेकडी म्हणजे स्लीव्ह एल्व्हा. तिची उंची ३४४ मीटर असून तिच्या माथ्यावर हे थर टोपीसारखे शिल्लक राहिले आहेत. इतरत्र ते झिजून गेले आणि खालचा चुनखडक उघडा पडला.

शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी हा खडक खरवडून काढला. बर्फ वितळल्यावर मागे राहिलेले ग्रॅनाइटचे परके धोंडे बरेनच्या उत्तर भागात आजही चुनखडकावर बसलेले दिसतात. हा ग्रॅनाइट उपसागरापलीकडच्या गॉलवे-कनेमारा भागातला आहे. त्यानंतर किंचित आम्लयुक्त पावसाने खडकातील सांधे विरघळवत नेले आणि सपाट फरशीत उभ्या चिरा पडत गेल्या. फरशीच्या तुकड्याला तेथे ‘क्लिंट’ म्हणतात आणि चिरेला ‘ग्राइक’. अशा चिरेत वाकून पाहिले तर वरच्या वाऱ्यापासून आणि गुरांच्या तोंडापासून सुरक्षित अशी एक अरुंद बागच आत असते. तळाशी सावलीत लांब जिभेसारख्या पानांचे नेचे वाढतात, आणि उन्हाच्या बाजूला किरमिजी रंगाचे रानजिरेनियम डोके वर काढते.

पाऊलवाट

शिलाशोध, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तर वर्षभर पाऊस असतो. मग लडलोला पाणी का दिसले नसावे?

शिलाशोध

कारण पाणी वर थांबतच नाही. स्लीव्ह एल्व्हाच्या माथ्यावरून ओहोळ वाहत येतात आणि जेथे वरचा थर संपून चुनखडक लागतो, नेमके तेथेच जमिनीत गडप होतात. या टेकडीच्या पूर्व उतारावरील पुलनागोलम ही गुहा अशाच पाण्याने पोखरली आहे. बरेनच्या सखल भागात ‘टर्लॉक’ नावाचे हंगामी तलाव आहेत. पावसाळी महिन्यांत भूजल वर आले की ते जमिनीतील छिद्रांतून भरतात आणि पाऊस ओसरला की त्याच वाटेने रिकामे होतात. हिवाळ्यात जेथे पाणपक्षी पोहतात, तेथे उन्हाळ्यात गुरे चरतात. पाणी किती वेळा आणि कुठपर्यंत चढते, हे दगडावरच्या काळ्या शेवाळाच्या रेषेवरून अभ्यासकांना कळते. हे तलाव जगात मुख्यतः आयर्लंडमध्येच आढळतात.

मृद्गंध

शिलाशोध यांचे खडकाविषयीचे विवेचन उत्तम आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. खडक निसर्गाने घडवला, हे मान्य आहे. तो उघडा मात्र माणसाने पाडला. तळ्यांच्या गाळात साठलेल्या परागकणांचा अभ्यास सांगतो की हिमयुगानंतर बरेनवर पाइन, हेझल, यू अशा झाडांचे रान होते. रान उभे राहायचे, तर माती हवीच. नवाश्मयुगात शेतकरी आले, झाडे कापली गेली, गुरे चरू लागली, आणि कांस्ययुगात हा वेग आणखी वाढला. मुळांचा आधार गेला की पातळ माती त्याच चिरांतून पावसाबरोबर खाली उतरते. डोंगरउतारावरील माती वाहून निदान पायथ्याला तरी साचते. येथे ती थेट भूगर्भातील पोकळ्यांत जाते आणि कायमची हातची सुटते.

ट्रिनिटी कॉलेजचे भूगोलाचे अभ्यासक डेव्हिड ड्रू यांनी १९८० च्या दशकात नेमका हाच मुद्दा मांडला होता. पुरातन बांधकामांखाली दबून राहिलेल्या आणि गुहांमध्ये वाहून गेलेल्या मातीवरून त्यांनी दाखवले की आजच्या उघड्या कातळाचा बराच भाग एके काळी मातीने झाकलेला होता.

शिलाशोध

माती होती, हे मी नाकारत नाही. ती सर्वत्र सारखी आणि जाड होती, असे मात्र म्हणता येणार नाही. हिमनद्यांनी काही भागांत गाळ टाकला आणि काही भागांत खडक घासून स्वच्छ केला. हेझल आणि पाइन ही झाडे तर अगदी चिरांतही रुजतात, त्यामुळे रान होते म्हणजे जाड माती होतीच, हा तर्क पुरेसा नाही.

इतिहासवेध

आपण दोघेही ज्या शेतकऱ्यांविषयी बोलत आहात, त्यांची प्रत्यक्ष गाठ पुलनाब्रोन येथे पडते. उभ्या शिळांवर तिरकी टेकवलेली विशाल छतशिळा असलेले हे थडगे आयर्लंडमधील सर्वाधिक छायाचित्रे काढल्या गेलेल्या वास्तूंपैकी एक असावे. त्यातील एका उभ्या शिळेला तडा गेल्यामुळे १९८६ आणि १९८८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन लिंच यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. खडकाच्या चिरांमध्ये सरकून गेलेल्या हाडांवरून किमान ३३ माणसांचे अवशेष ओळखता आले. इ. स. पूर्व ३८०० ते ३२०० या काळातील ही माणसे होती. बहुतेकांचा मृत्यू तिशीच्या आत झालेला होता. मणक्यांवरील आणि खांद्यांवरील झीज अंगमेहनतीची साक्ष देते, आणि एकाच्या कमरेच्या हाडात गारगोटीच्या शस्त्राचे टोक रुतलेले सापडले.

२०२० मध्ये याच हाडांच्या जनुकीय अभ्यासातून एक अतिशय हृद्य गोष्ट पुढे आली. तेथे ठेवलेल्या एका तान्ह्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. या स्थितीचे इतके जुने उदाहरण तोपर्यंत ज्ञात नव्हते. त्या बाळाला अंगावर पाजले गेले होते, असे हाडांच्या रासायनिक परीक्षणावरून दिसते, आणि मृत्यूनंतर त्याला जागा मिळाली ती मोजक्याच लोकांसाठी राखलेल्या या थडग्यात. साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या या समाजाकडे आपण केवळ ‘रान तोडणारे लोक’ म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

क्लेअरवासी

मी गेली अनेक वर्षे क्लेअरमधील एनिस या शहरात राहतो आणि बरेन माझ्या कामाच्या वाटेवर आहे. दगडफूलताई, आपण लडलोचे अर्धेच निरीक्षण दिले आहे. त्याच्या पुढच्याच वाक्यात तो म्हणतो की असे असूनही येथील गुरे अतिशय धष्टपुष्ट आहेत, कारण खडकांच्या मधल्या दोन-तीन फूट लांबीरुंदीच्या मातीच्या तुकड्यांत उगवणारे गवत गोड आणि पौष्टिक आहे. आपण विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे माणूस येथे का राहिला याचे उत्तर त्या वाक्यात दडलेले आहे.

युरोपात बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात गुरे डोंगरावर नेतात आणि हिवाळ्यात खाली आणतात. बरेनमध्ये हे चक्र उलटे फिरते. ऑक्टोबरच्या अखेरीस गुरे वर चढतात आणि एप्रिलच्या सुमारास खाली येतात. या हिवाळी कुरणांना येथील लोक ‘विंटरेज’ म्हणतात. उन्हाळ्यात वर पाणी आटते, म्हणून गुरे ठेवता येत नाहीत. हिवाळ्यात मात्र झरे वाहते असतात. समुद्राच्या सान्निध्यामुळे कडाका कमी असतो, उन्हाळ्यात तापलेला खडक ती ऊब हळूहळू सोडतो आणि निचरा इतका चांगला असतो की गाईंना कोरड्या जागी बसता येते. खडकातील कॅल्शियम गवतात उतरते, त्यामुळे वसंतात विणाऱ्या गाभण गाईंना ते मानवते, असे जुने शेतकरी सांगतात.

गुरे वर नेतानाचे एक दृश्य सांगण्यासारखे आहे. अनेक कुरणांना फाटक नसते. गडग्यामध्ये एक भाग सुट्या दगडांनी बुजवलेला असतो आणि त्याला नुसते ‘गॅप’ म्हणतात. शेतकरी ते दगड एकेक करून उतरवतो, गाई आपल्या पायांनी वाट ओळखत आत शिरतात, आणि मग तोच माणूस तेच दगड पुन्हा त्यांच्या जागी बसवतो. थोरल्या गाईंना वरच्या पाण्याच्या जागा ठाऊक असतात आणि वासरे त्यांच्या मागून शिकतात, त्यामुळे कळप एकदम विकून नवा आणला तर हे ज्ञान तुटते.

नकाशावेडी

भूगोलाची आणखी एक बाजू मांडावीशी वाटते. बरेनमध्ये गुरे होती, पण सरपण नव्हते. झाडे गेलेली, आणि चुनखडकावर पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती, फारसे साचत नाही. उपसागरापलीकडे कनेमाऱ्यात परिस्थिती नेमकी उलट होती : ग्रॅनाइटची आम्ल जमीन, भरपूर पीट आणि चुन्याचा अभाव. म्हणून गॉलवेच्या तपकिरी शिडांच्या बोटी पीट भरून किनव्हारा आणि बॅलीव्हॉनच्या धक्क्यांवर यायच्या आणि परतताना चुनखडक न्यायच्या. तो भाजून केलेला चुना कनेमाऱ्यातील शेतांत पडे. या व्यापाराच्या स्मरणार्थ किनव्हारा येथे १९७९ पासून ऑगस्टमध्ये बोटींचा उत्सव भरतो. नकाशावर उपसागर दोन प्रदेशांना तोडताना दिसतो. वास्तवात त्यांची चूल आणि शेती या पाण्यानेच जोडलेली होती.

‘बरेन’ हे प्रदेशाचे नाव आहे आणि ते एका जुन्या बॅरनीचे, म्हणजे महसुली विभागाचेही नाव आहे. ही बॅरनी पूर्वी ओ’लॉकलन घराण्याच्या सत्तेखाली होती. बॅरनीच्या पोटात पॅरिश आणि पॅरिशच्या पोटात ‘टाउनलँड’, म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान विभाग, अशी रचना असते. आयर्लंडभर ६०,००० हून अधिक टाउनलँड आहेत आणि खेड्यातील माणूस आजही आपला पत्ता त्यांच्याच नावाने सांगतो. १८३९ मध्ये सरकारी नकाशा-मोजणीच्या निमित्ताने जॉन ओ’डोनोव्हन आणि यूजीन ओ’करी हे विद्वान क्लेअरमध्ये फिरले आणि त्यांनी प्रत्येक नावाचे स्थानिक आयरिश रूप, गढ्या, विहिरी आणि दंतकथा नोंदवून ठेवल्या. १८९८ च्या स्थानिक शासन कायद्याने ग्रामीण जिल्हे निर्माण झाले, तेव्हा बॅलीव्हॉन हे अशाच एका ग्रामीण जिल्ह्याचे ठाणे झाले. ती व्यवस्था १९२५ मध्ये मोडीत निघाली, पण टाउनलँड मात्र टिकून आहेत.

उंबरठा

नकाशावेडी यांनी १८३९ चा उल्लेख केला, तो फार महत्त्वाचा आहे, कारण त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत गरिबांचे मुख्य अन्न असलेल्या बटाट्यावर करपा आला आणि दुष्काळ पडला. १८४१ च्या जनगणनेत क्लेअर काउंटीची लोकसंख्या २,८६,००० होती आणि १८५१ मध्ये ती २,१२,००० वर आली. दहा वर्षांत चौथा हिस्सा माणसे नाहीशी झाली : काही उपासमारीने आणि तापाने मेली, काही घरातून हुसकावली गेली, काही जहाजात बसून परदेशी गेली. ओ’डोनोव्हन आणि ओ’करी यांना नावे सांगणाऱ्यांपैकी कित्येक जण त्यात असतील. पुढेही स्थलांतर थांबले नाही, आणि २०२२ मध्येही क्लेअरची लोकसंख्या १,२८,००० च्या आसपासच होती.

आपण येथे मातीविषयी आणि झाडांविषयी बोलत आहोत. बरेनमधले दुसरे रितेपण माणसांचे आहे. ते खडकाने आणले नाही आणि गुरांनीही आणले नाही. तेथे छप्पर नसलेल्या घरांच्या भिंती दिसतात, त्यांना पुलनाब्रोनच्या रांगेत ‘प्राचीन अवशेष’ म्हणून पाहिले जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

इतिहासवेध

उंबरठा यांचे म्हणणे रास्त आहे. मात्र मधल्या शतकांत हा मुलूख किती नांदता होता, याविषयीही लिहायला हवे. १२ व्या शतकाच्या अखेरीस सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी कॉरकमरो येथे मठ बांधला आणि त्याला लॅटिनमध्ये ‘सुपीक खडकाची पवित्र मेरी’ असे नाव दिले. त्या मठात १२६८ मध्ये लढाईत पडलेल्या कॉनर ओ’ब्रायन या राजाची पाषाणमूर्ती आहे, आणि तेथील अर्धस्तंभांवरील कोरलेली फुले-पाने तर इतकी बारकाईची आहेत की कारागिराने आसपासचीच वनस्पती पाहून ती घडवली असावीत. काहरमॅकनॉटन येथे, एका जुन्या गोलाकार गढीच्या परिसरात, ओ’डॅव्होरेन घराण्याची आयरिश कायद्याची पाठशाळा होती. १५६० च्या दशकात तेथील गुरू-शिष्यांनी लिहिलेले एक हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. इंग्रजांचा कायदा दारात येऊन उभा असताना ही माणसे शेकडो वर्षांच्या जुन्या कायद्याच्या पोथ्या नकलून घेत होती.

याच भूमीत, कॅरन येथे, १८४७ च्या ऐन दुष्काळात मायकल क्यूसॅक यांचा जन्म झाला. आयर्लंडच्या देशी खेळांना पुन्हा उभे करणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन १८८४ मध्ये स्थापन झाली, ती त्यांच्या पुढाकाराने.

पाऊलवाट

सगळे वाचून एक सरळ प्रश्न पडतो. गुरांमुळे माती गेली असेल, तर आता गुरे हटवून हा भाग मोकळा सोडून का देत नाहीत? १९९१ पासून तेथे राष्ट्रीय उद्यानही आहे.

क्लेअरवासी

पाऊलवाट, आपला प्रश्न अगदी स्वाभाविक आहे आणि अनुभवाने त्याचे उत्तर मिळालेले आहे. १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय समूहात गेल्यानंतर शेतीचे गणित बदलले. गुरे गोठ्यात ठेवून मुरघास घालणे सोयीचे झाले, परदेशी जातींची भारी जनावरे आली, आणि अनेक जण पोटापाण्यासाठी नोकरी सांभाळून अर्धवेळ शेती करू लागले. वरच्या कुरणांवर चराई कमी झाली. त्याबरोबर हेझलची झुडपे पसरू लागली आणि वाळलेल्या गवताचा जाड थर साचू लागला. त्याखाली गुदमरली ती नेमकी बरेनची खासियत असलेली फुले. मे महिन्यात फुलणारे गडद निळे स्प्रिंग जेन्शियन, आर्क्टिक प्रदेशात आढळणारे पांढरे माउंटन अ‍ॅव्हन्स आणि भूमध्य सागरी प्रदेशातील ऑर्किड येथे शेजारी शेजारी, तेही समुद्रसपाटीच्या जवळ वाढतात. हिवाळ्यात गुरांनी गवत खाऊन ठेवले, तरच वसंतात त्यांना उजेड मिळतो. उन्हाळ्यात गुरे वर नसल्यामुळे फुलांना बी धरायला अवधी मिळतो. म्हणजे ती उलटी चराई फुलांच्या वेळापत्रकाशी तंतोतंत जुळलेली आहे.

हे शास्त्राने सिद्ध केले ते २००५ ते २०१० या काळात २० शेतांवर चाललेल्या ‘बरेनलाइफ’ प्रकल्पाने. २०१० पासून पुढे जी योजना आली, तिच्यात प्रत्येक कुरणाला दरवर्षी १ ते १० गुण मिळू लागले आणि गुणांप्रमाणे शेतकऱ्याला मोबदला. काय करावे, हे त्याला बाहेरच्याने सांगायचे नाही. परिणाम दिसला की पैसे मिळतात. ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिने शेतकऱ्याच्या जाणतेपणाला किंमत दिली.

त्याआधी, १९९१ मध्ये, मुल्लामोर टेकडीच्या पायथ्याशी सरकारने पर्यटक केंद्र बांधायचे ठरवले होते. त्या वादाने गावे दुभंगली. कुणाला त्यात मुलांच्या नोकऱ्या दिसत होत्या, तर कुणाला टेकडीचा आणि भूजलाचा नाश. १९९३ मध्ये न्यायालयाने सरकारी बांधकामालाही नियोजनाची परवानगी लागते असा निर्णय दिला, आणि त्यामुळे साऱ्या देशाचा कारभार बदलला. २००० मध्ये नियोजन मंडळाने परवानगी अखेर नाकारली आणि अर्धवट बांधकाम काढून टाकण्यात आले. रोजगार मागणाऱ्यांची गरजही खरी होती, हे येथे राहताना विसरता येत नाही.

दगडफूल

सर्वांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे परत येते. मला समजले ते असे की पहिला उघडेपणा बर्फाने दिला आणि त्यात माणसाने भर घातली. पण जर नवाश्मयुगातील शेतकऱ्यांनीच रान मोडले असेल, तर आज ज्या फुलांचे आपण रक्षण करतो, ती त्याआधी कोठे होती?

मृद्गंध

उत्तम प्रश्न. जेन्शियन आणि माउंटन अ‍ॅव्हन्स या उजेड मागणाऱ्या वनस्पती आहेत. हिमयुग सरताना सगळा मुलूख मोकळा होता, तेव्हा त्या सर्वत्र असणार. नंतर रान वाढले आणि जेथे झाडांना पाय रोवता आले नाहीत, अशा कड्यांवर व पातळ मातीच्या जागी त्या तगून राहिल्या. शेतकऱ्यांनी झाडे तोडल्यावर त्यांना पुन्हा मैदान मिळाले. म्हणून शिलाशोध यांचा मुद्दा मी येथे स्वीकारते : काही जागा कायम उघड्या नसत्या, तर ही फुले मधल्या काळात टिकलीच नसती.

शिलाशोध

आणि चराई नसती, तर ती त्या कड्यांवरच अडकून राहिली असती, हे मलाही मान्य आहे.

क्लेअरवासी

ज्यांना प्रत्यक्ष जायचे असेल त्यांच्यासाठी : फुलांसाठी मे, आणि गुरे वर जाताना पाहायची असतील तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. तेव्हा विंटरेजचा उत्सव असतो आणि एखाद्या शेतकऱ्याच्या कळपाबरोबर सर्वांना चालता येते. बरेनचा बहुतेक भाग खासगी शेतजमीन आहे, त्यामुळे कुत्रा बरोबर नेऊ नका आणि उघडलेले फाटक पुन्हा लावा. पुलनाब्रोनच्या आसपास काही पर्यटक फरशीचे तुकडे उचकटून छोटी थडगी रचतात. त्यामुळे चिरांतील झाडे मरतात आणि पुरातत्त्वज्ञांना खरे अवशेष ओळखणे कठीण होते, म्हणून कृपया एकही दगड हलवू नका.